जीएफसीआय ट्रिप होतो म्हणून ग्राउंड काढायचा नाही

न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. घरी बिअर बनवतो, तीन वर्षं गॅसवर बनवली आणि आता गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक सेट उभा केलाय. १५ गॅलनची स्टीलची केटल, तिच्यात २४० व्होल्टचं ५५०० वॅटचं तापवायचं एलिमेंट, ते चालू-बंद करायला एक एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच), तापमान सांभाळायला रास्पबेरी पाय (हा छोटासा कॉम्प्युटर, तो वेगळ्या भिंतीवरच्या सॉकेटला चार्जर लावून चालतो) आणि वर्ट (बिअर व्हायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) फिरवायला १२० व्होल्टचा पंप. पॉवर घेतलीय ड्रायरच्या चार पिनांच्या आउटलेटवरून, मधे स्पा पॅनल (ब्रेकरचा छोटा डबा), त्यात जीएफसीआय ब्रेकर, म्हणजे करंट गळला की तोडणारा. तो लिहितो: "काका, नुसतं एलिमेंट चालू असलं की सगळं नीट चालतं, पण पंपाचं बटण दाबलं की जीएफसीआय लगेच ट्रिप. मित्र म्हणतो ग्राउंडची वायर काढून टाक, आपल्याकडे गावाला जन्मभर दोन पिनांवर सगळं चाललं, कोणाला काय झालं? पण माझी सहा वर्षांची पोरगी सारखी माझ्या मागे गॅरेजमध्ये असते म्हणून विचारतोय. आणि भाऊ नाशिकला असाच सेट करायचं म्हणतोय, त्याला ड्रॉइंग पाठवू का?" सोबत चार फोटो आहेत.

अरे, पहिल्यांदा हे वाचून होईपर्यंत तो सेट चालवू नकोस, प्लग काढून ठेव. आणि ग्राउंडला, म्हणजे आपल्याकडच्या अर्थिंगला, हात लावू नकोस. मित्राला मी चुकीचा माणूस म्हणत नाही, पण हा सल्ला माणूस मारणारा आहे आणि गंमत म्हणून सुद्धा कोणाला देऊ नये. आता बघ, तुझ्या बाबतीत ग्राउंड काढून ट्रिपिंग थांबणार पण नव्हतं. म्हणजे तू वायर काढली असतीस, तरी पंप लावल्यावर ब्रेकर पडलाच असता, मग वैतागून तू जीएफसीआय काढून साधा ब्रेकर टाकला असतास, आणि मग उकळत्या वर्टची स्टीलची केटल, ओली फरशी, ग्राउंड नाही, जीएफसीआय नाही आणि बाजूला पोरगी. हे असंच एकेक पायरी उतरत जातं, मी पाहिलंय.

ट्रिप का होतंय ते तुझ्या तिसऱ्या फोटोत दिसतंय. जीएफसीआय ब्रेकर एकच हिशोब ठेवतो, माझ्यातून जेवढा करंट बाहेर गेला तेवढाच माझ्यातूनच परत आला का. नाही आला तर उरलेला कुठेतरी गळतोय, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, म्हणून तोडा. अमेरिकेतला जीएफसीआय साधारण ५ मिलिअँपला तुटतो, आपल्याकडे घरात आरसीसीबी बसवतात तो बहुतेक ३० मिलिअँपचा असतो, म्हणजे हा बराच नाजूक आहे. तुझं एलिमेंट दोन हॉटवर (हॉट म्हणजे जिवंत वायर, आपल्याकडची फेज) चालतं, एका हॉटमधून गेलं दुसऱ्यातून आलं, दोन्ही ब्रेकरमधून, हिशोब जुळला. पण पंप १२० चा, तो एक हॉट आणि न्यूट्रलवर चालतो, आणि तू पंपाचा न्यूट्रल स्पा पॅनलच्या न्यूट्रल बारवर नेऊन बसवलायस, ती ब्रेकरची स्प्रिंगसारखी वेटोळ्याची पांढरी वायर जिथे आहे त्याच्या शेजारच्याच स्क्रूखाली. म्हणजे पंपाचा करंट गेला ब्रेकरमधून आणि परत आला बाहेरच्या बाहेर. ब्रेकरला वाटलं सगळाच गळाला. तो बिचारा बरोबरच वागतोय.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. आधी घरातल्या मेन पॅनलवरचा ड्रायरचा ३० अँपचा ब्रेकर पाड, प्लग काढ, मीटर लावून बघ की खरंच काही नाही. मग ती वेटोळ्याची पांढरी वायर बारवरच राहू दे, आणि कंट्रोल बॉक्सकडे जाणारा पांढरा न्यूट्रल बारवरून काढून ब्रेकरच्याच अंगावर लोड न्यूट्रल असं लिहिलेला स्क्रू असतो त्याच्याखाली घे. पुढे बॉक्समधल्या १२० व्होल्टच्या प्रत्येक गोष्टीचा न्यूट्रल त्या एकाच वायरवरून आला पाहिजे. आणि स्पा पॅनलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड कुठेही एकमेकांना भेटता कामा नयेत, त्यांची भेट फक्त घराच्या मेनला होते.

इतर कोणी वाचत असेल ज्याचं पंपावर नाही तर एलिमेंटवर ट्रिप होतं, त्याने एलिमेंटकडे बघावं. एलिमेंटच्या नळीत आत पांढरी पावडर भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साईड, ती ओल धरते, बरेच दिवस पडून राहिलेलं एलिमेंट त्यामुळे थोडं गळतं. आणि चालू केल्यावर वीसेक मिनिटांनी ट्रिप झालं तर बहुतेक एलिमेंटच्या मागच्या डबीत वाफेचं पाणी शिरलंय, डबी उघडून पुसून, रबर नीट बसवून बघायचं.

आता ग्राउंड. तू सांगली-सातारा-नाशिक कुठचाही अस, बादलीत टाकायचा हीटर घरात होताच ना? आई ओरडायची, आधी बटण बंद कर, प्लग काढ, मग पाण्यात हात घाल. प्लास्टिकची बादली असूनसुद्धा. तुझी केटल म्हणजे तोच हीटर, फक्त बादली स्टीलची आणि हीटर तिप्पट-चौपट मोठा, आणि तू त्यात पळी घालून ढवळतोस. एलिमेंटची नळी कधीतरी फुटणार, गंजणार, किंवा कोरडी चालून चिरणार. ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी केटलच्या अंगावर करंट येईल, आणि ग्राउंड असेल तर तो ग्राउंडने जाईल आणि ब्रेकर तू हात लावायच्या आधी पडेल. ग्राउंड नसेल तर केटल तशीच जिवंत उभी राहील आणि तू हात लावलास की तुझ्यातून वाट मिळाली म्हणून ब्रेकर पडेल. पडेल, जीएफसीआय चांगला असेल तर, पण झटका तू खाल्लेला असेल, हातात उकळती पळी असताना. गावाला कोणाला काय झालं असं मित्र विचारतो, तर पावसाळ्यात मोटरला, कूलरला, पत्र्याच्या घराला चिकटून गेलेली माणसं त्याच्याही ओळखीत एखादं असेलच, त्याला शांतपणे आठवायला सांग.

ग्राउंडची हिरवी वायर केटलला कुठे लावलीय ते तुझ्या फोटोत दिसत नाही. एलिमेंटच्या डबीच्या आत, केटलच्या धातूला बोल्टने, रिंगचा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) क्रिंप करून, दात असलेला वॉशर घालून लाव. आणि मग प्लग काढलेल्या अवस्थेत मीटरने बघ, प्लगच्या ग्राउंड पिनपासून केटलच्या काठापर्यंत एक ओहमच्या आत यायला पाहिजे. एलिमेंटच्या वायरी काढून ठेवून त्याच्या दोन टोकांमध्ये साधारण साडेदहा ओहम (२४० ला ५५०० वॅट म्हणजे तेवढेच येतात), आणि कुठल्याही टोकापासून केटलपर्यंत काहीच नाही, मीटरने ओपन, म्हणजे जोडच नाही, असं दाखवलं पाहिजे. हे तीन आकडे एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटव, पुढच्या वर्षी बघताना उपयोगी पडतील.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्या फोटोची. मी अमेरिकेत यायच्या आधी ११ वर्षं भोसरीला पॅनलच्या कामात होतो आणि आपल्याकडे शिकलेल्या माणसाची इथे कुठे फसगत होते ते मला माझ्याच हातांवरून माहीत आहे. आपल्याकडे सिंगल फेज म्हणजे एक फेज, एक न्यूट्रल. फेज तोडला की वस्तू मेली, न्यूट्रलला हात लागला तरी सहसा काही नाही. इथे २४० मध्ये न्यूट्रल नसतोच. दोन्ही वायरी हॉट, दोन्ही ग्राउंडच्या मानाने १२०. तू एसएसआर एकाच वायरमध्ये टाकलायस, आपल्या सवयीने. म्हणजे एसएसआर बंद, पंपाचं बटण बंद, स्क्रीनवर हीटर ऑफ लिहिलंय, आणि तरी एलिमेंट दुसऱ्या वायरीने जिवंत आहे. त्या वेळी तू डबी उघडून हात घातलास तर १२० चा झटका नक्की. एसएसआर बंद असताना सुद्धा थोडा करंट सोडतो ते वेगळंच.

आणि रंग! आपल्याकडच्या घरात काळी वायर म्हणजे न्यूट्रल, बोटं सुद्धा आपोआप तसं धरतात. इथे काळी म्हणजे हॉट, लाल म्हणजे दुसरी हॉट, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची ग्राउंड. तुझ्या बॉक्समध्ये पंपाच्या पांढऱ्या वायरीला तू काळी टेप गुंडाळलीयस, मला वाटतं न्यूट्रलची खूण म्हणून. आजच काढ ती. तू विसरशील, किंवा उद्या घर विकशील, किंवा मित्र मदतीला येईल, आणि इथला माणूस त्या काळ्या टेपला हॉट समजेल आणि शेजारच्या खऱ्या काळ्याला तू कधीतरी न्यूट्रल समजशील.

तर या सगळ्यावर उपाय एकच वस्तू आहे, कॉन्टॅक्टर, म्हणजे आतल्या कॉईलला वीज मिळाली की लागणारा आणि गेली की सुटणारा मोठा स्विच. दोन पोलचा, ४० अँपचा, १२० व्होल्टच्या कॉईलचा घे. ब्रेकरमधून आलेल्या दोन्ही हॉट आधी कॉन्टॅक्टरमध्ये, त्याच्यातून बाहेर पडल्यावर मग एका वायरीत एसएसआर. कॉन्टॅक्टर सुटला की एलिमेंटकडच्या दोन्ही वायरी तुटल्या. कॉईलची वायरिंग कशी करायची ते तुला मी एका वाक्यात सांगतो कारण ते तू लहानपणापासून पाहिलंय, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की खट करून ओढतो, स्वतःच्याच होल्डिंग कॉन्टॅक्टवर धरून राहतो, लाल दाबलं की सुटतो, आणि लाईट गेली तर सुटतो आणि लाईट आली तरी आपणहून लागत नाही, कोणीतरी जाऊन हिरवं दाबायला लागतं. शेतकरी रात्रीच्या लाईटसाठी त्याला ऑटो लावतात ती त्यांची अडचण आहे, तुला तसली अडचण नाही. तुझ्याकडे वादळात लाईट गेली, तू दमून झोपायला गेलास, केटल तू मधेच रिकामी केली होतीस, आणि पहाटे तीनला लाईट आली तर रिकाम्या केटलमध्ये ५५०० वॅट आपणहून पेटता कामा नयेत. कोरडं एलिमेंट बघता बघता लाल होतं. लाल बटण मश्रूमच्या आकाराचं मोठं घे, दाबलं की अडकून राहणारं, आणि हिरव्याच्या सीरिजमध्ये एक किल्लीचा स्विच टाक, किल्ली तुझ्या खिशात. कॉईलच्या या लाईनला छोटा फ्यूज, आणि तिचा न्यूट्रल त्याच लोड न्यूट्रलवरून, नाहीतर परत ट्रिपचं रडगाणं.

काही ड्रॉइंगमध्ये इमर्जन्सी बटणातून रेझिस्टर लावून मुद्दाम थोडा करंट ग्राउंडमध्ये सोडतात म्हणजे जीएफसीआय पडतो. चालतं ते, पण मला पटत नाही. ज्या वायरीत कधीच करंट नसावा तिच्यात आपण हाताने सोडायचा, आणि ग्राउंड तुटलेला असेल तर नेमकं गरजेच्या वेळी बटण मुकं. कॉन्टॅक्टरमध्ये उलट आहे, काहीही तुटलं, कॉईल जळली, वायर सुटली, तरी तो बंदच होतो.

एसएसआरवर भरवसा का नाही ठेवायचा ते माझ्याच गॅरेजमधलं सांगतो. मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट) ६७ अंशावर धरलेलं, मी बाजूला हॉप्स मोजत होतो. सहज बघितलं तर ६९. कंट्रोलरवर आउटपुट शून्य, एसएसआरवरचा लाल दिवा विझलेला. म्हटलं सेन्सरची गडबड असेल. परत बघितलं ७२. कंट्रोलर बंद केला, स्क्रीन काळी झाली, आणि केटलच्या तळातून ती बारीक सूं अशी कुजबूज येतच होती, एलिमेंट चालू असताना येते ती. तेव्हा कळलं. लाल बटण दाबलं, कॉन्टॅक्टर सुटला, आवाज थांबला. मॅश गेलं, एवढ्या वर गेल्यावर त्यातली बीटा अमायलेज, स्टार्चची साखर करणारं एन्झाइम, मरते, ते जाऊ दे. नंतर एसएसआर काढून मीटर लावला तर बाजारातून स्वस्तात आणलेला तो ४० अँपचा एसएसआर आतून शॉर्ट झालेला, काही ओहमच दाखवत होता. एसएसआर मरतात तेव्हा बहुतेक असेच चालू राहून मरतात. त्या दिवशी कॉन्टॅक्टर नसता तर मला मेन पॅनलपर्यंत पळायला लागलं असतं.

तुझा एसएसआर प्लास्टिकच्या बंद डब्यात बिनहीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांशिवाय) बसवलाय. २३ अँप त्यातून जातात तेव्हा तो एकटा २५-३० वॅट उष्णता काढतो, हातातला सोल्डरिंग आयर्न चालू करून डब्यात ठेवल्यासारखं आहे. धातूचा डबा घे, हीटसिंक डब्याच्या बाहेर पंख काढून बसव, मधे थर्मल पेस्ट पातळ लाव, आणि तो डबा पण ग्राउंड कर, झाकण वेगळं असेल तर झाकणालाही हिरवी वायर.

रास्पबेरी पायबद्दल. प्रोग्रॅम छान लिहिलायस, ग्राफ बघून बरं वाटलं. पण त्यात लिहिलेलं, की १०२ अंशाला हीटर बंद, याला सेफ्टी म्हणू नकोस. पाय हँग झाला आणि पिन चालू अवस्थेत राहिली तर तो १०२ वाचणारच नाही. आणि उकळत्या वर्टचं तापमान १०० च्या आसपासच राहतं, पाणी आटून एलिमेंट उघडं पडेपर्यंत, त्यामुळे तापमानावरून तुला कोरडं कळणारच नाही. एक फ्लोट स्विच टाक एलिमेंटच्या वर दोन इंचांवर, आणि त्याची वायर पायला नको देऊ, सरळ कॉन्टॅक्टरच्या कॉईलच्या सीरिजमध्ये दे. पातळी खाली गेली की खट. अजून एक, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि एसएसआर ३ व्होल्टपासून चालतो असं लिहिलेलं असतं, म्हणजे काठावर, मधे एक ट्रान्झिस्टर टाकून ५ व्होल्टने चालव. आणि चालू असताना घर सोडून जायचं नाही, ऑटोमॅटिक असलं तरी.

वायर १० गेजची तांब्याची आहे ते चांगलं केलंस, आपल्याकडच्या ६ स्क्वेअर एमएमच्या थोडी आतच आहे ती. ५५०० वॅट म्हणजे २३ अँपच्या आसपास आणि ३० अँपच्या सर्किटवर सलग चालणाऱ्या लोडला ८० टक्के म्हणजे २४, तेव्हा तू काठावर पण आत आहेस, याच्यावर दुसरं एलिमेंट येणार नाही. स्पा पॅनलचा ब्रेकर ५० चा आहे म्हणून गोंधळू नकोस, वायरीचं रक्षण घरातला ३० चाच करतो, तो कधीही ५० चा करायचा नाही. आणि स्क्रू. पहिल्या फोटोत एसएसआरच्या टर्मिनलला बारीक तारांची वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबलीय, आणि तीन-चार तारा बाहेर आल्यात, बघ झूम करून, तिथलं इन्सुलेशन आत्ताच तपकिरी दिसतंय. ढिलं टर्मिनल तापतं, तापलं की अजून ढिलं होतं, आणि ब्रेकर ते कधीच बघत नाही कारण करंट तेवढाच आहे. ते टोक कापून टाक, लग क्रिंप कर, आवळ, आणि दोन-तीन बॅच झाल्या की प्लग काढून सगळे स्क्रू परत एकदा आवळ. भोसरीत आम्ही आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर मार्करची रेघ ओढायचो, फिरला की रेघ तुटलेली दिसते. तू पण ओढ.

बाकी ड्रायरचा प्लग दर शनिवारी काढ-घाल केलास तर ते आउटलेट ढिलं होणार, ते त्यासाठी बनवलेलं नाही, तेव्हा जमेल तेव्हा टाऊनचं परमिट काढून गॅरेजमध्ये वेगळं ३० अँपचं सर्किट ओढून घे, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन लाव. ज्यांच्या जुन्या घरात ड्रायरचं तीन पिनांचं आउटलेट आहे त्यांनी त्यावर हा सेट लावूच नये, त्यात ग्राउंड नसतो, १९९६ च्या इथल्या वायरिंगच्या कोडपासून (नियमावलीपासून) नव्या घरांना चार पिनांचं लागतं ते त्याचसाठी.

आणि भावाला ड्रॉइंग पाठवू नकोस. तुझ्याकडे १९७८ च्या कायद्याने घरच्यासाठी बिअर बनवायला परवानगी आहे, एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोघं असाल तर २००, विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, लायसन्सशिवाय बनवणं गुन्हा आहे, घरच्यासाठी म्हणून सूट नाही. वर तुझं ड्रॉइंग तिथल्या वायरिंगला लागू पण नाही, तिथे एक फेज आणि न्यूट्रल, तुझे रंग उलटे. त्याला सुट्टीत तुझ्याकडे बोलव, एकत्र बनवा.

हे सगळं झालं की पहिल्यांदा नुसतं पाणी भर, आठ-दहा गॅलन, एलिमेंट पूर्ण बुडलं पाहिजे. जीएफसीआयचं टेस्ट बटण दाब, पडला पाहिजे, हे दर वेळी करायचं. मग हिरवं, मग पंप, मग एलिमेंट, आणि अर्धा तास डब्याजवळ उभा राहा, वास घे, बाहेरून हात लावून बघ कुठे जास्त तापतंय का. फ्लोट कोरड्या लाकडी काठीने खाली दाबून बघ, पाण्यात हात घालायचा नाही, कॉन्टॅक्टर सुटतो का. लाल बटण पोरीच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर बसव आणि तिला सांग, बाबा ओरडला किंवा पडला तर बाबाला हात लावायचा नाही, आधी हे दाबायचं. एकदा खरंच दाबू दे तिला, तो खट आवाज ऐकू दे.

न्यूट्रल बदलून पंप लावल्यावर काय झालं ते कळव, आणि डबी उघडून केटलच्या ग्राउंडचा फोटो पाठव, तो मला बघायचाय.